‘येतो’ म्हणून निघालेला माणूस

बसा. दिवे गेले म्हणून उठू नका, कंदील लावलाय. दारात ‘येऊ का’ विचारून तुम्ही आत आलात तेव्हा मी मागे मोरीशी कपडे पिळत होते. हात ओले होते, म्हणून पुढे यायला उशीर झाला. चहा टाकते, पण दूध नासलंय. कोरा चालत असेल तर सांगा.

तर तुमच्या क्लबाची स्मरणिका निघतेय आणि तिच्यात सहदेववर एक पान हवंय. वर त्याचा फोटो, खाली ‘हिमशिखरांचा हुतात्मा’ वगैरे काहीतरी, आणि शेजारच्या पानावर कुठल्या तरी पापडाची जाहिरात. मला शिसारी येते हो असल्या गोष्टींची. शाळेत पोरांवर ओरडून ओरडून तोंड फटकळ झालंय, त्यामुळे स्पष्टच बोलते. पण तुम्ही नंतर क्लबात आलात, त्या प्रकरणात तुमचा हात नाही, म्हणून सांगते. छापायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा.

माझं काम अगदी साधं होतं. सहदेवचं सामान मुलुंडहून आणायचं होतं, एवढंच.

सहदेव माझा मावसभाऊ. माझ्याहून लहान, मला ताई म्हणायचा. सोनूमावशी आणि तो घाटकोपरला असल्फ्याच्या टेकडीवर एका खोलीत राहायचे. मावशीचे यजमान गिरणीत होते. संप चिघळला तसे ते कणकवलीकडे गावी गेले आणि तिकडेच वारले. टेकडीवर घर आणि नळ खाली रस्त्याला, त्यामुळे पोरगं लहानपणापासून डोक्यावर हंडा घेऊन चढायचं. छाती तिथेच तयार झाली त्याची. पुढे बोरिवलीला कान्हेरीच्या कातळावर तो अनवाणी चढताना तुमच्या क्लबातल्या लोकांनी पाहिला आणि त्याला उचलला. क्लबातली बाकीची मंडळी मुलुंड-पार्ल्याची, बुटांना दोन-दोन महिन्यांचे पगार घालणारी. हा विक्रोळीच्या एका कारखान्यात हेल्पर. तरी उत्तरकाशीचा गिर्यारोहणाचा कोर्स करून आला तेव्हा सगळ्यांच्या पुढे होता. फार उंचीवर म्हणे माणसाला अन्न जात नाही, डोकं ठणकतं, ओकाऱ्या होतात. सहदेव तिथे स्टोव्ह पेटवून बाकीच्यांसाठी बर्फ वितळवत बसायचा. त्यांच्या ओकाऱ्याही तोच काढायचा, हे मला त्यानेच हसत हसत सांगितलं होतं.

त्याची एक लकब सांगते, ती लक्षात ठेवा. निघताना ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावं, हे तुम्हालाही घरात शिकवलं असेलच. जातो म्हटलं की आमची आई डोळे वटारायची. आपण ‘येतो’ म्हणायचं आणि समोरच्याने ‘ये’ म्हणायचं, की झाला निरोप. बाकीचे लोक ते ‘ये’ तोंडातल्या तोंडात पुटपुटतात, त्यांचं अर्धं लक्ष दुसरीकडे असतं. सहदेव तसं करायचा नाही. हातातलं काम थांबवून तो आपल्याकडे बघायचा आणि शेवटाला आवाज जरा वर नेऊन म्हणायचा, ‘ये’. खरोखर बोलावल्यासारखं वाटायचं. आम्ही चेष्टा करायचो, की अरे, पायरी उतरायच्या आत परत यायला लावतोस की काय.

आपण वर्ल्ड कप जिंकलो त्या वर्षीची मोहीम. गढवालमधलं एक शिखर, नाव तुमच्याकडे नोंदलेलं असेल. पाऊस ओसरताना मंडळी गेली. लीडर श्यामसुंदर टिपणीस. उंचापुरा माणूस, मोठी नोकरी, आवाज रेडिओवर शोभेलसा. सगळ्यात वरच्या कॅम्पला टिपणीस आणि सहदेव असे दोघंच गेले. वादळ आलं, आणि खाली आला तो एकटा टिपणीस.

त्याची हकीगत तुम्ही ऐकलीच असेल. सहदेवच्या छातीत पाणी झालं, वादळात खाली उतरवणं शक्य नव्हतं, पहाटे त्याने टिपणीसच्या मांडीवर प्राण सोडला. मग टिपणीसने त्याला त्याच्याच स्लीपिंग बॅगेत गुंडाळलं, तंबूशेजारी बर्फात ठेवलं आणि एकट्याने खाली उतरला. काही लोकांना हे पटलं नाही. सहदेवसारखा माणूस आजारी पडतो आणि टिपणीस धडधाकट खाली येतो, हे कसं, असं क्लबातलेच काहीजण विचारायला लागले. पेपरात उलटसुलट पत्रं आली. मग तुमच्या क्लबाने चौकशी समिती नेमली. समितीत सगळे टिपणीसचे मित्र. निसर्गापुढे कुणाचं काही चालत नाही, असा त्यांनी निष्कर्ष काढला आणि वर चहा घेतला.

मावशीला त्या भांडणात पडायचं नव्हतं. तिला एकच गोष्ट हवी होती. शेवटी आपल्या मुलाजवळ कुणीतरी होतं का, की तो एकटा गेला, एवढंच तिला कळायला हवं होतं. ते कळेपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

मग मुलुंडला एका हॉलमध्ये कार्यक्रम झाला. पत्रिकेवर छापलं होतं, ‘सत्कार व श्रद्धांजली’. दोन्ही एकाच संध्याकाळी, एकाच खर्चात. हार दोन आणले होते, एकाच फुलवाल्याकडचे, एकाच मापाचे. एक टिपणीसच्या गळ्यात आणि एक सहदेवच्या फोटोला. मी मावशीला जाऊ नको म्हटलं होतं. पण ती म्हणाली, तो शेवटी काय बोलला ते ऐकायला मिळेल. पहिल्या रांगेत बसवली तिला, पांढरं लुगडं लोकांना दिसावं म्हणून.

टिपणीस उभा राहिला. पायांत बूट नव्हते, बँडेजं होती, हातालाही होतं. हिमदंश. बोलला मात्र छान. वारा, काळोख, मृत्यू, मैत्री, सगळं आलं. लोक रुमाल काढायला लागले. शेवटी तो थांबला, डोळे मिटले आणि म्हणाला, “त्याला बर्फात ठेवला… तंबूपाशी मागे वळून पाहिलं… आणि म्हणालो, येतो रे सहदेव.”

टाळ्या पडल्या. श्रद्धांजलीला टाळ्या मी त्याआधी कधी ऐकल्या नव्हत्या. त्या आवाजात मावशीने माझं मनगट असं धरलं की नखं रुतली. ती माझ्या कानाशी म्हणाली, “मेल्या माणसाक कोण ‘येतंय’ म्हणता गो, सुले?”

मला अर्थ लागायला क्षणभर वेळ लागला. सुतकाच्या घरी भेटायला गेलो तर निघताना आपण काही बोलत नाही. चपला सरकवायच्या आणि मुकाट्याने बाहेर पडायचं. तिथे ‘येतो’ म्हणत नाहीत, कारण तसल्या कामाला परत यायची वेळ कुणावर येऊ नये. मग खुद्द मयताला कोण ‘येतो’ म्हणेल? कितीही शिकलेला असला तरी मराठी माणसाच्या तोंडून ते निघणार नाही. जीभच अडेल. ‘येतो’ आपण जिवंत माणसाला म्हणतो.

“तेव्हा तो जित्तो होतो,” मावशी म्हणाली. मोठ्याने नाही, पीठ संपलं म्हणून सांगावं तितक्या साध्या आवाजात.

दोन मिनिटं शांतता पाळून झाली आणि बटाटेवडे आले. कुणा फोटोग्राफरला हिमदंशाचा फोटो हवा होता, म्हणून टिपणीसने हाताचं बँडेज सोडलं. बोटं काळी पडून सुरकुतली होती, भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखी, आणि काळं जिथे संपतं तिथून पिवळट पाणी येत होतं. लोक हातात वडा घेऊन वाकून बघत होते. एक बाई ‘अगं बाई’ म्हणाल्या आणि त्यांनी घास तोंडात घातला. टिपणीस तो हात दिव्याखाली धरून उलटसुलट करून दाखवत होता, लग्नात अंगठी दाखवतात तसा. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे म्हणतात ना, ते त्या दिवशी मी डोळ्यांनी पाहिले. हॉलच्या मागे गटारावर जाऊन मी ओकले.

त्यानंतर मावशीने क्रियेला नकार दिला. देह नाही म्हणून भटजींनी दर्भाचा पुतळा करून आणला होता, तो जाळायचा आणि मग पुढचे दिवस करायचे. मावशी पाटाजवळून उठली. “वाट बघणाऱ्या माणसाक जाळतत काय?” एवढं म्हणाली आणि पुतळा तिने माळ्यावर ठेवून दिला. मग मला म्हणाली, जा आणि त्याचं सामान घेऊन ये. क्लबातले लोक ते द्यायला टाळाटाळ करत होते, सामान टिपणीसकडेच होतं.

ऑक्टोबरची ती तलखी. मुलुंडला स्टेशनपासून चालत गेले तोपर्यंत ब्लाउज पाठीला चिकटला होता. तिन्हीसांज व्हायला आली होती. टिपणीसची इमारत नवी, तिसऱ्या मजल्यावर ब्लॉक. जिन्यात कुणाकडे तरी मासे तळत होते. तिसऱ्या मजल्यावर आले आणि तो वास तुटल्यासारखा थांबला. तिथे दुसराच वास होता. फिनेल, त्याच्यावर धूप, आणि त्या दोन्हींच्या खालून… काय सांगू. बर्फात ठेवलेलं मटण बाहेर काढून विसरलं की सुटायला लागतं ना, तो वास. गोडसर असतो.

दार मृणालिनीवहिनींनी उघडलं, टिपणीसच्या बायकोने. हॉलमध्ये त्यांना पाहिलं होतं तेव्हा जरीची साडी नेसून बसल्या होत्या. आता अंगावर शाल, हातात फरशी पुसायचं फडकं. मी सामानासाठी आलेय म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला आनंदच म्हणावं लागेल. त्या नुसत्या बाजूला झाल्या.

आत पाय ठेवला आणि अंगावर काटा आला. बाहेर अंग भाजत होतं आणि या घरात लादी अशी गार होती की तळव्याला झोंबली. लादी ओली होती. वहिनी पुसत होत्या आणि त्यांच्या पाठीमागे परत ओली होत होती.

आतल्या खोलीत टिपणीस पलंगावर होता. पायांची बँडेजं ओली झाली होती आणि वास तिथूनच येत होता, निदान तेव्हा मला तसं वाटलं. पदर नाकाला लावला मी, लपवलं नाही. शेजारच्या स्टुलावर सत्काराचा हार अजून तसाच, कुजून चिकट झालेला. त्याच्याशेजारी अर्धी खाल्लेली मिठाई. टिपणीसने मला बसायला सांगितलं. मी उभी राहिले. म्हटलं, सामान कुठे आहे?

तो गॅलरीकडे बघत म्हणाला, “सॅक देतो. बाकी काही नाही.”

मीही गॅलरीकडे पाहिलं. तिथे दोरीवर एक स्लीपिंग बॅग वाळत टाकली होती. निळी, गळ्याशी जांभळा काठ. तो काठ मावशीच्या जुन्या लुगड्याचा होता. नायलॉन मानेला खाजतं म्हणून सहदेवने तो तिच्याकडून शिवून घेतला होता, माझ्यासमोर. ज्या बॅगेत गुंडाळून सहदेवला बर्फात ठेवलं म्हणून हा माणूस हॉलभर लोकांना रडवून आला होता, ती बॅग याच्या गॅलरीत लटकत होती, आणि तिच्यातून पाणी ठिबकत होतं.

मी काही बोलले नाही. बोलायची गरज पडली नाही. चोराच्या मनात चांदणं, तसा तोच बोलायला लागला.

“वाळत नाही ती,” तो म्हणाला. “आलो तेव्हापासून टाकलीय. एवढं ऊन… वाळतच नाही.”

“तुमची बॅग कुठे गेली?”

“वाऱ्याने उडाली. दरीत.” “त्याला उठता येत नव्हतं. मला येत होतं. दोघं मरण्यात काय अर्थ होता, तुम्हीच सांगा. त्याला म्हटलं, ही मला दे, खालच्या कॅम्पवर पोचलो की माणसं घेऊन येतो.”

“त्याने दिली?”

टिपणीसची काळी बोटं चादरीवर बॅगेची चेन ओढल्यासारखी हलली, गळ्यापासून खाली, सावकाश. सहदेवने दिली नव्हती. त्याच्या अंगावरून ती काढली होती, केळं सोलतात तशी. आतला माणूस जिवंत असताना.

मला त्याची भीती वाटली नाही, त्या क्षणी तरी नाही. घाण वाटली. त्याच्या आवाजाची, त्या मिठाईची, त्याने ‘दोघं मरण्यात काय अर्थ’ हे वाक्य जितक्या सफाईने म्हटलं त्याची. खालच्या कॅम्पवर त्याने सहदेव गेला म्हणून सांगितलं होतं. त्यामुळे वर कुणी गेलंच नाही.

“तुम्ही निघताना ‘येतो’ म्हणालात,” मी म्हटलं.

“हो.”

“आणि तो?”

टिपणीस इतक्या हळू बोलला की मला पदर नाकावरून काढून पुढे वाकावं लागलं.

“ये म्हणाला. माझ्याकडे बघून… नीट बघून… ये म्हणाला.” “अजून म्हणतो.”

दारात वहिनी उभ्या होत्या, फडकं छातीशी धरून. त्या मला म्हणाल्या, “दिवेलागणीला. रोज. घेऊन जा हो ती… मी पाया पडते.”

दिवेलागण झालीच होती. वहिनींनी बटण दाबलं, पण ट्यूब नुसती फडफडत राहिली. मी गॅलरीत गेले. आणायला सांगितलं होतं ते आणायचं आणि निघायचं, एवढंच मनात होतं. दोरीवरून बॅग ओढली तर ती अंगावर आली. पाण्याने कपडा जड होतो तसं ते जड नव्हतं. झोपलेलं मूल उचलताना ते एका बाजूला कलंडतं, तसं तिच्यातलं वजन माझ्या हातांवर कलंडलं. बाहेरून ती इतकी गार होती की बोटं बधिर झाली. लुगड्याच्या काठावर पांढरं काहीतरी होतं, साबण राहिला असेल म्हणून मी अंगठ्याने पुसलं. ते बर्फ होतं. खाली रस्त्यावर माणसं घामाघूम होऊन घरी चालली होती.

पाणी पिळून काढावं म्हणून मी आत हात घातला.

आत ऊब होती.

आत्ता कुणी उठून गेल्यावर अंथरूण असतं ना, तशी. माणसाच्या अंगाची, किंचित घामट. बाहेरून बर्फ आणि आत ती ऊब, आणि तो गोडसर सुटलेला वास टिपणीसच्या पायांचा नव्हता, तो इथून येत होता. माझा हात कोपरापर्यंत आत होता आणि मला तो बाहेर काढायचं सुचेना. आतलं अस्तर सावकाश वर आलं, माझ्या मनगटाला टेकलं आणि खाली गेलं. परत वर आलं. ते कशासारखं होतं ते मला माहीत आहे, तुम्हालाही कळलं असेल.

हात काढला, पदराला पुसला, पुसतच राहिले. बॅगेची कशीबशी वळकटी केली आणि वहिनींनी पुढे केलेल्या सहदेवच्या सॅकमध्ये कोंबली. टिपणीसकडे पाहिलं नाही. पाठीवर सॅक घेऊन दारापर्यंत आले. वहिनींनी दार उघडून धरलं. आणि माणसाची सवय बघा. एवढं सगळं पाहून, ऐकूनही, चपला सरकवता सरकवता माझ्या तोंडून निघून गेलं, “येते.”

वहिनी माझ्यासमोर उभ्या होत्या. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते. टिपणीस आतल्या खोलीत तोंडावर चादर घेऊन पडला होता.

गॅलरीतून, जिथे आता नुसती दोरी होती तिथून, शेवटाला जरा वर जाणाऱ्या आवाजात कुणीतरी म्हणालं, “ये.”

जिना कशी उतरले ते आठवत नाही. असल्फ्याला पोचले तेव्हा मावशी दारात बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तिने बॅग मांडीवर घेतली, आत हात घातला, आणि बराच वेळ तसाच ठेवला. मला वाटलं ती किंचाळेल. ती म्हणाली, “ऊब आसा गो अजून.” त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी ती जेवली. ताट घेऊन ती बॅगेशेजारीच बसली होती. मला मात्र तो वास येत होता आणि एक घास उतरला नाही.

टिपणीसचं पुढे काय झालं ते तुमच्या स्मरणिकेत येणार नाही, म्हणून सांगते. बॅग गेल्यावर आपण सुटलो असं त्याला वाटलं असेल. पण पायांतलं काळं वर चढायला लागलं. हॉस्पिटलात आधी बोटं कापली, मग पावलं, मग गुडघे. वॉर्डातले लोक वासापायी खाटा लांब सरकवून घ्यायचे. वहिनी मला नंतर एकदा घाटकोपरच्या मार्केटमध्ये भेटल्या, त्यांनीच सांगितलं. शेवटचे काही दिवस तो सारखा ‘येतो… येतो’ म्हणत होता. शेजारच्या खोलीतून कुणी हाक मारत असलं आणि आपलं काम संपत नसलं की आपण म्हणतो तसं, जरा वैतागून. मग एका संध्याकाळी दिवे लागताना तो उशीवरून मान उचलून म्हणाला, “आलो.” आणि गेला. मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही, तुम्हाला काय वाटायचं ते वाटू दे.

ते कळल्यावर मावशीने माळ्यावरचा दर्भाचा पुतळा खाली काढला आणि सगळी क्रिया यथासांग केली. आता त्याला वाट बघायला नको, म्हणाली, ज्याने यायचं कबूल केलं होतं तो पोचला. बॅग दुसऱ्याच दिवशी खडखडीत वाळली. मला वाटलं, संपलं. मावशीलाही तसंच वाटलं असावं, कारण पुढे वर्षभराने ती गेली ती शांतपणे गेली.

तिची खोली सोडताना बॅग मी इकडे आणली. टाकून देणार होते. पण वळकटी करताना हाताला लागलं, की आत ऊब तशीच आहे. मग माझ्या लक्षात आलं. टिपणीसने येतो म्हटलं होतं आणि तो गेला. पण त्या दारात मीही येते म्हटलं होतं, आणि मला ये म्हटलं गेलं होतं. माझं जायचं अजून राहिलंय.

तेव्हापासून मी कुणाच्या घरातून निघताना ‘जाते’ म्हणते. शाळेतल्या बाया नाकं मुरडतात, अशुभ बोलते म्हणतात. बोलू देत. बॅग त्या आतल्या खोलीत आहे, पडद्यामागे. मघाशी मी मोरीशी पिळत होते त्यात तिच्याखालचं फडकं होतं. अलीकडे ते परत ओलं व्हायला लागलंय. वास तुम्हाला मघापासून येतोय हे मी बघतेय, सारखा रुमाल काढताय. नासलेल्या दुधाचा नाही तो.

थांबा, उठू नका लगेच. उठाल तेव्हा काही म्हणू नका, मान हलवलीत तरी पुरे. आणि एक विचारायचं राहिलं. मघाशी तुम्ही दारात ‘येऊ का’ म्हणालात आणि लगेच आत आलात. म्हणजे कुणीतरी तुम्हाला उत्तर दिलं असणार. मी मोरीशी होते, पाण्याचा आवाज चालू होता, मी काही बोलले नाही. आणि बोलले असते तरी ‘या’ म्हटलं असतं. पहिल्यांदा घरी आलेल्या माणसाला मी ‘ये’ म्हणत नाही.

तुम्हाला काय ऐकू आलं?